निळ्या कपाचा कान

रविवार, १३ डिसेंबर १९५९. हजर: अक्का, त्यांचे यजमान अण्णा, ट्रकचा ड्रायव्हर आणि मी. सामान सत्तावीस नग, यादी माझी. सव्वीसवर खुणा झाल्या होत्या. सत्ताविसावा नग जमिनीत होता.

शेजारच्या क्वार्टरमधल्या आमच्या अक्का तुम्ही पाहायला हव्या होत्या. उकिडव्या बसून मातीत करंगळी खुपसायच्या, ओल बघायच्या आणि बोट पदराला पुसायच्या. आम्हा दोघींच्या दारांमध्ये लिलीचा एक वाफा होता. थंडी सुरू झाली की त्याचं पाणी बंद. पानं पिवळी पडायची. मला राहवायचं नाही, मी झारी उचलायची.

"ठेव खाली. स्वल्प तहान लागू दे की गं. निजलेत ते कंद."

होळीच्या सुमारास पानांआधी दांडे वर यायचे आणि उगादीपर्यंत, म्हणजे आपल्या पाडव्यापर्यंत, वाफा लालभडक व्हायचा. त्यात एकच पांढरी, पाकळीवर तांबडी रेघ असलेली. ती अक्कांच्या माहेरच्या परसातली. आई गेली, घर विकलं गेलं. "आईचं एवढंच आहे बघ माझ्याकडं," म्हणायच्या. निजलेले कंद सगळे सारखेच, म्हणून त्या कंदापाशी त्यांनी फुटक्या निळ्या कपाचा कान रोवला होता.

अण्णा निवृत्त झाले, धारवाडला जायचं ठरलं. क्वार्टरची तपासणी होणार म्हणून शनिवारी मी हौसेनं अंगण साफ केलं. काड्या, खापऱ्या, तो कान, सगळं केराच्या टोपलीत.

रविवारी अक्का खुरपं घेऊन वाफ्याशी गेल्या आणि उभ्याच राहिल्या.

"हेही यादीत लिहिलं होतंस काय गं?"

ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

"सगळेच उकरून घे की!" अण्णा म्हणाले.

"आणि हिला काय ठेवू? खड्डे?"

त्यांनी अंदाजानं एक कंद काढला, फडक्यात बांधला. मी सत्तावीसवर खूण केली.

मार्चमध्ये पांढरी इथंच उमलली. मी लगेच पत्र टाकलं. उत्तर आलं: "इथं लाल आली. पांढरीला आता हलवू नको, जागी आहे. निजली की घेऊन ये. वाट बघते."

मी यादीत लिहिलं: डिसेंबर, पहिला आठवडा, कंद धारवाडला पोचवणे. नोव्हेंबरात पाणी तोडलं. पानं पुरती सुकलीही नव्हती, तोच अण्णांचं कार्ड आलं. अक्का गेल्या होत्या.

यादीतलं काम मी कधी पुढं ढकलत नाही. हे मात्र सहा वर्षं दर डिसेंबरात नव्या पानावर उतरवते आहे. अण्णा लिहितात, "केव्हाही या, दारात जागा ठेवली आहे." एका कंदाचे आता पाच झालेत. केरातून शोधून काढलेला तो कान मी पुन्हा रोवला आहे.

यंदाही पाणी तोडलं. पानं सुकली. खुरपं पायरीवर काढून ठेवलं आहे.