मुलीच्या पेटीवरची पाटी

संग्रहालयात पाट्या लिहायचं काम माझं. अक्षर मोत्यासारखं, असं लोक म्हणतात. माणूस कसा आहे, ते आता ऐका.

आमच्याकडे झाडलोटीला एक मावशी होत्या. शाळेचं तोंड न पाहिलेली ही बाई माझ्या पाट्या पुसता पुसता वाचायला शिकली. मला चित्रगुप्त म्हणायच्या.

इजिप्तच्या दालनात काचेच्या पेटीत एक लहान मुलगी आहे, हजारो वर्षांपूर्वीची, कापडात गुंडाळलेली. एकदा मावशी तिथं कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"काय हो चित्रगुप्त, मडक्यावर ‘इजिप्ती’ आणि या पोरीवरही ‘इजिप्ती’?"

मी शहाणपणा पाजळला. "आपल्या इथली रीत आहे, मावशी. माणसाला इजिप्शियन म्हणायचं, वस्तूला इजिप्ती. ही पोर रजिस्टरात वस्तूंमध्ये आहे."

"वा रे वा! मेली म्हणून मडक्यांच्या रांगेत बसवली होय?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. त्यांची लेक सहा वर्षांची असताना तापानं गेली होती. दवाखान्यातून तिला घरी नेताना हातात कागद दिला, त्यावर लिहिलेलं, ‘प्रेत, नग एक’.

"माझी तर गेली तशीच," मावशी म्हणाल्या. "हिला तरी माणसात घ्या हो."

एक शब्द बदलायचा. पण साहेबांची सही लागणार, आणि साहेबांपुढे माझी बोबडी वळते. आज करू, उद्या करू म्हणत दोन वर्षं घालवली. तोवर मोतीबिंदूनं मावशींना अक्षर दिसेना.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी विचारलं, "केलंत का हो?"

"केलं की! ‘इजिप्शियन’, चांगलं ठळक!" मी ठोकून दिलं.

माझे दोन्ही हात धरून त्या रडल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तरी सोमवारी सही घेऊ, असं ठरवून मी घरी गेलो.

रविवारी त्या बहिणीच्या नातीला घेऊन आल्या. मी तिथंच होतो.

"वाच गं, काय लिहिलंय या ताईबद्दल?"

"इजिप्ती."

"नीट वाच, बाळा."

"इ-जि-प्ती. तेच आहे, आजी."

मावशींनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "चल, घरी जाऊ."

सोमवारी साहेबांनी न वाचताच सही केली. पाटी लिहायला दहा मिनिटं लागली. तसाच सांगायला गेलो, तर बहीण दारातच म्हणाली, "झोपल्यात त्या."

त्यानंतर तीनदा गेलो. तिन्ही वेळा त्या झोपल्याच होत्या.