पिन ॲल्युमिनियमकडे

आम्ही दोघा नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मटार सोलणं. चेरीतालच्या घरी, दुपारी, उन्हात बसून. मी म्हटलं, "तो कारखान्यातला साहेब नेपियर टाउनच्या क्लासात माझंच काम शिकवून राहिला, स्वतःचं म्हणून."

"काहून रक्त आटवता? माझ्या जिवंतपणी त्याच्या दारात तमाशा नको," ती म्हणाली. "अन् अळीचे दाणे भांड्यात टाकू नका. डोळे फुटले का?"

तासाभरात ती बसल्या जागी गेली. मूलबाळ नाही. अंधार पडायच्या आत अग्नी मीच दिला.

साहेबाचं सांगतो. कारखान्यात मी ॲल्युमिनियम पोलादाला जोडायच्या मशीनवर होतो. त्यात ठिणगी नाही, धातू वितळत नाही. फिरती पिन दाबून सांध्यावरून न्यायची. घासून घासून ॲल्युमिनियम कणकेसारखं मऊ होतं, पोलाद होत नाही. म्हणून पिन ॲल्युमिनियमच्या अंगात ठेवायची, पोलादाला नुसती चाटून जाऊ द्यायची. हे मी पट्ट्या मोडून मोडून शिकलो, चौथी नापास माणूस. साहेबाला घाई. म्हणाला, पिन मधोमध घाल, जोरात फिरव. मी नाही म्हटलं, तरी घालायला लावली. सांधा दिसायला देखणा झाला. पण फार तापलं की दोन धातूंच्या मधे ठिसूळ थर धरतो. तपासणीत ओढल्याबरोबर पापडासारखा मोडला.

साहेबानं इंग्रजी कागद पुढं केला. "दस्तखत कर दो भैया, रोज का कागज है." मी सही केली. मागून कळलं, त्यात लिहिलं होतं, पिन मी माझ्या मनानं सरकवली. मला मशीनवरून काढलं अन् रिटायर होईतो भंगाराच्या आवारात ठेवलं. तिच्या माहेरचे तिला तोंडावर म्हणायचे, "काम बिघडवणाऱ्याची बायको." तिनं गिळलं. मी नाही गिळलं.

सुतकात कोणी दुसऱ्याच्या उंबऱ्यात पाय ठेवत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भादरलेल्या डोक्यानं थेट त्याच्या क्लासात शिरलो.

साहेब मागे सरकला. "अरे, सूतक में? यहाँ?"

"इसीलिए आया."

खडू घेतला. फळ्यावर दोन पट्ट्या काढल्या, पिन कुठं धरायची ते दाखवलं. मग त्या कागदाचंही सांगितलं, त्याच्याकडे बोट करून. एक पोरगी म्हणाली, "सर, ये तो आपने अपना बताया था."

मी पहिल्या बाकावर जाऊन बसलो. म्हटलं, "अब पढ़ाइए, साहब."