जवळची वायर

बायको नेटवर्किंग शिकतेय, त्यामुळे आमच्या हॉलमध्ये राउटरचे हिरवे दिवे सतत लुकलुकत असतात. आज तिने त्याला बजावलं, परक्या कुणाला आत घ्यायचं नाही. नियमात एवढीशी चूक झाली आणि त्याने तिलाच बाहेर काढलं.

"आता गं?" मी स्वयंपाकघरातून विचारलं. सकाळी आमचं वाजलं होतं, तेव्हापासून बोलणं कामापुरतंच.

"आता लांबून ऐकायचा नाही तो. जवळ बसून वायर जोडावी लागते."

रुसलेल्या पोराजवळ बसावं तशी ती राउटरशेजारी फरशीवर बसली.

कडेकोट बंदोबस्तात आधी आपलंच माणूस बाहेर राहतं, हे काही यंत्रांपुरतं नसावं. मी दोन कप चहा घेऊन गेलो. तिने वायर सरकवून जागा केली.