पिल्लांच्या पाण्यातलं औषध

माझी मावसबहीण शोभाताई कोंबड्या पाळते. मागे तिच्याकडे गेले, तेव्हा ती पिल्लांच्या पाण्यात पांढरी पूड ढवळत होती.

"आजारी आहेत का गं?" मी विचारलं.

"नाही. पडू नयेत म्हणून अँटिबायोटिक. इथे सगळेच देतात."

तिचा हात इतक्या मायेनं फिरत होता, की मी बघतच राहिले.

पुढे शेडचा पत्रा लागून भाऊजींचं बोट चिघळलं. गावातल्या गोळ्यांनी उतार पडेना, म्हणून आम्ही त्यांना शहरात नेलं. जखम कोंबड्यांच्या शेडमध्ये झाली हे ऐकून आणि तिच्यातले जंतू तपासून तिथल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "कोंबड्यांना कोणतं औषध देता?"

ताईनं नाव सांगितलं.

"हे जंतू त्याच जातीच्या औषधाला दाद देत नाहीत. ते तुमच्या शेडमधूनच आले, असं ठामपणे नाही सांगता येत. पण सतत थोडं थोडं औषध दिलं, की असलेच जंतू मागे उरतात."

बोट काढावं लागलं. भाऊजी वाचले.

ताईनं पूड बंद केली आणि पुढच्या खेपेला बरीच पिल्लं मेली. शेडचं पाणी ओढ्याला जातं, खत शेतात, अंडी आपल्या घरात. मायेनं केलेली गोष्टही कुठवर पोचते, हे करणाऱ्याला दिसत नाही.

"शेजारचे अजून देतातच," ताई म्हणाली. "माझ्या एकटीनं थांबून काय होणार?"

ताई मेलेली पिल्लं पुरायला खड्डा खणू लागली. मीही दुसरं फावडं उचललं.