ऊद बघायला गेलेली पोर

नसरुद्दीनला रियाधच्या ओलाया भागातल्या ऑफिसात सगळे बगळेभाई म्हणतात, आणि उगाच म्हणत नाहीत. आठवडाभर काचेच्या उंच इमारतीतले एसी सांभाळायचे आणि शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की गळ घेऊन वादी हनीफाच्या दरीतल्या पाण्यावर जाऊन उभं राहायचं, हा त्याचा नेम. रियाधसारख्या ठिकाणी मासे कुठले, असं विचारणाऱ्याला तो उत्तरसुद्धा देत नाही. दाभोळच्या खाडीकाठी जन्मलेल्या माणसाला पाणी कुठे आहे ते सांगावं लागत नाही, असा त्याचा तोरा!

त्या शुक्रवारी त्याच्याबरोबर अफनान होती, त्याची एकुलती एक मुलगी. बापाने मराठीत विचारायचं आणि लेकीने इंग्रजीत उत्तर द्यायचं, फारच अडलं तर हिंदीत, असा त्या घरातला कारभार. बायको अख्तरी ते हसण्यावारी नेई, नसरुद्दीनला मात्र मनातून लागे. म्हणून गाडीत तो मुद्दाम गावच्या गोष्टी सांगत आला. खाडीतला ऊद, म्हणजे पाणमांजर, जाळ्यातले मासे कसा पळवतो, त्याला मिशा कशा असतात, पाण्यातून तपकिरी डोकं काढून तो माणसाकडे कसा टकामका बघतो. अफनान खिडकीबाहेर बघत होती. ऐकत होती की नाही, कोण जाणे.

पाण्यावर उतरतं ऊन पडलं होतं. पलीकडे एक राखी बगळा एका पायावर उभा, वेतासारख्या उंच बोरूतून पाणकोंबड्यांची ये-जा, आणि मधूनच खंड्याची निळी झेप. नसरुद्दीनचा जीव कसा गार झाला. गळाला तिलापिया लागला, दोरी ताणली गेली, आणि नेमकी तेव्हाच अफनान किंचाळली, “अब्बा, लुक! बीव्हर!”

बोरूच्या कडेने एक तपकिरी डोकं काडी ओढत पोहत चाललं होतं. नसरुद्दीनने मान वळवली आणि मासा सुटला.

“बीव्हर नाही नि फिव्हर नाही!” तो खेकसला. “घूस असेल. बस तिकडे गप.”

पोर चटईवर जाऊन बसली. त्याने नवीन आमिष लावलं आणि बगळेभाई पुन्हा बगळा झाले. आता मासेमारीत गुंगलेल्या माणसाला मागे बघायचं भान असतं थोडंच? त्याने मागे पाहिलं तेव्हा चटई रिकामी होती. आणि बोरूच्या तोंडाशी, चिखलात, तिची एक चप्पल रुतली होती.

गळ तिथेच टाकून तो बोरूत घुसला. कमरेइतक्या पाण्यात हाताने चाचपडत, अफनान, अफनान, म्हणून ओरडत सुटला. पाणकोंबड्या तेवढ्या फडफडल्या. स्वतः माशासारखा पोहणाऱ्या या माणसाने लेकीला पोहायला शिकवलं नव्हतं. शिकवू, गावी गेल्यावर शिकवू, असं म्हणत राहून गेलं होतं. ते आठवलं आणि त्याला रडू फुटलं.

बोरूच्या पलीकडच्या बाजूने तो वर आला, तर समोर सरपणाची मोळी घेतलेला एक म्हातारा सौदी. नसरुद्दीनने त्याचा हातच धरला. “बिंती! बिंती सगीरा!” माझी मुलगी, लहान मुलगी, एवढंच अरबी त्याला सुचलं. ती कुठे गेली, असं म्हाताऱ्याने विचारलं, तर सगळं अरबी विसरून तो आपल्याच बोलीत ओरडला, “ऊद! ऊद बघाया गेली ओ!”

म्हातारा खदखदून हसला. नसरुद्दीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इथे माझी पोर बुडतेय आणि याला हसू येतंय? पण म्हातारा त्याचा हात सोडीना. “ऊद? तआल, तआल!” चल, चल, म्हणत त्याने त्याला ओढतच नेलं.

झुडपांमागे एक तंबू होता. म्हाताऱ्याचं कुटुंब सहलीला आलेलं. गालिच्यावर मधोमध अफनान बसली होती, एका पायात चप्पल, हातात खजूर. आणि एक आजीबाई धुपाटण्यातल्या उदाचा धूर तिच्या केसांवर घालत होत्या.

पोर बोरूला वळसा घालून, ऊद कुठे आहे असं विचारत आली होती. आता सौदीत ऊद विचारलं तर माणसं सुवासिक लाकडाचा धूर देणार, मिशाळ जनावर कुठून आणणार? घरी मौलूदाच्या धार्मिक पठणाला ऊद जाळणाऱ्या नसरुद्दीनलाही त्या घटकेपर्यंत हे सुचलं नव्हतं.

तो मटकन खाली बसला. चिखलाच्या हातांनीच त्याने लेकीला कवटाळलं आणि सगळ्यांसमोर हमसून हमसून रडला. आजीबाईंनी कहव्याची, अरबी कॉफीची, पेली पुढे केली.

“अब्बा, रडू नको ना,” अफनान त्याच्या कानाशी म्हणाली. “ह्यांना आपला ऊद माहीतच नाही.”

मराठीत म्हणाली. आणि आपला म्हणाली.

घरी दार उघडताच अख्तरीने लेकीचे केस हुंगले. “कुणाच्या लग्नाला गेलेलात की काय? आणि मासे कुठायत?”

“मासे नाय आणले,” नसरुद्दीन म्हणाला. “पोर आणली.”