उलट्या पिळाचा स्वेटर

माझ्या इवायाइतका शहाणा माणूस अख्ख्या निलंगा तालुक्यात नाही, असं खुद्द इवाईच सांगतो. बाकीचा तालुका अजून विचार करून राहिला आहे. माझ्या पोराचा हा सासरा. शेतात ऊस, ओठावर भरघोस मिशी आणि काखेतल्या पिशवीत लोकर अन् दोन सुया. उन्हाळ्यात रस्त्याचं डांबर पातळ होतं, तेव्हा हा गडी लिंबाखाली बसून स्वेटर विणतो. सोयरीक ठरताना ती पिशवी आमच्यापासून दडवली होती. अक्षता पडल्या आणि मांडवातच बाहेर निघाली. आमच्या भावकीतला एक म्हणाला, "पाव्हणं, आता मिशा तरी काढा." सुया न थांबवता हा म्हणतो, "मिशीनं कुठं विणतो? हातानं विणून राहिलो."

पण खरा आजार विणण्याचा नाही, उसवण्याचा. कुणाचाही चुकलेला टाका दिसला की ह्याच्या बोटांना खाज सुटते. नातवाच्या बारशाला एका बाईनं हौसेनं टोपडं विणून आणलं. ह्यानं तिच्यादेखत धागा ओढला आणि पंगत उठायच्या आत नवं विणून बाळाच्या डोक्यावर ठेवलं. टोपडं झकास झालं. बाई मात्र अजून आमच्या दारावरून तोंड फिरवून जाते. खूश झाली ती एकटी माझी बायको. ह्याच्याकडूनच वेणीची वीण शिकली आणि माझ्यासाठी स्वेटर विणायला बसली. अंग झालं, एक बाही झाली, आणि ती गेली.

म्हणून तिच्या वर्षश्राद्धाला इवाई आमच्या गावी, लोह्याला आला, तेव्हा मी तो स्वेटर ज्वारीच्या कोठीत दडवला. सुनेनं बापाला दाखवलाच. मनगटाजवळ वेणीचा एक पीळ उलटा पडला होता. ह्याची बोटं वळवळली. मी म्हणालो, "इवाई, धागा ओढला तर सोयरीक तुटली समजा. मी चहासाठी खेकसलो, ती दचकली, तव्हा पडलाय तो. उसवला न्हाई तिनं. म्हणाली, राहू द्या, तुमचं खेकसणं ध्यानात राहील."

ह्यानं पिशवीतून सुया काढल्या. मग दुसरी बाही विणायला घेतली. एका दिवसासाठी आलेला माणूस आठ दिवस राहिला. मनगटापाशी दोनदा उसवलं. मी विचारलं, "काय चुकलं?"

"चुकंना झालंय!" तो चिडला. "दोन्ही बारीला बरोबरच आलं. हाताला सवय न्हाई."

तिसऱ्यांदा पीळ नेमका तिच्यासारखा उलटा पडला, तेव्हा कुठं बाही पुढं सरकली.

आमच्या लोह्यात थंडी पडते ती चार दिवस. मी स्वेटर घालतो दिवाळीपासून शिमग्यापर्यंत. घाम येतो, येऊ दे. इवाई आला की आधी माझ्या मनगटांकडं बघतो. बोटं अजून वळवळतात. मग दोन्ही हात पिशवीत कोंबतो आणि म्हणतो, "इवाई, पोरीला चहा सांगा. पण हळू."