न झालेल्या मॅचचा वृत्तांत

ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबाच्या हॉस्पिटलात मी चार महिने रग्बीचा जाणकार म्हणून ओळखला जात होतो. त्या चार महिन्यांत मी रग्बीची एकही मॅच पाहिली नव्हती. त्याआधीही नव्हती.

सुरुवात नोकरीच्या इंटरव्ह्यूपासून झाली. कोविडचं पहिलं वर्ष, त्यामुळे इंटरव्ह्यू व्हिडिओवर. मी ब्रिस्बेनच्या फ्लॅटमध्ये वर शर्ट-टाय आणि खाली लुंगी अशा अवस्थेत बसलेलो. समोर मॉरीन, एक्स-रे विभागाची प्रमुख. आयर्लंडची बाई, पन्नाशीची, चेहरा असा की तिने हाड मोडलंय म्हटलं तर ते मोडलेलंच असणार. तिच्या मागे भिंतीवर कसल्याशा टीमचा स्कार्फ लटकत होता. प्रश्न संपले आणि तिने सहज विचारलं, "रग्बी बघतोस का?"

"बिग फॅन!" मी म्हणालो. (नोकरीची गरज असलेला माणूस भिंतीवर कासव असतं तरी हेच म्हणाला असता.)

"लीग की युनियन?"

रग्बीचे दोन प्रकार असतात, हे मला तेव्हा कळलं. माझे वडील वसईत एसटीच्या युनियनचे सेक्रेटरी होते, आणि आमच्या घरात हा शब्द आदरानेच घेतला जायचा. म्हणून म्हणालो, "युनियन. अर्थातच युनियन!"

मॉरीन खुर्चीत सरळ झाली. क्वीन्सलँडात जो तो लीगवाला. ही बिचारी एकटी युनियनवाली, त्यातही तिचा जीव अडकलेला तिकडच्या क्लबांच्या युरोपियन कपात. तीन वर्षांत तिला त्यावर बोलायला एक माणूस मिळाला नव्हता. आता मिळाला. मला एका वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट दिलं आणि काम बघून पर्मनंट करायचं ठरलं.

पर्मनंट नोकरीवर आमची पीआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, अवलंबून होती, आणि पीआरवर माझी बायको मर्लिन, आमचं दहा महिन्यांचं बाळ आणि एकूण सगळंच. त्यामुळे "मॅडम, मी थाप मारली" असं सांगण्याची सोय नव्हती.

वाचवलं ते माझ्या सासऱ्यांनी. पप्पा बाळाच्या बाप्तिस्म्याला म्हणून तीन महिन्यांसाठी आले आणि बॉर्डर बंद झाल्यावर आमच्याकडेच अडकले. मम्मी जाऊन पाच वर्षं झालेली, घरी वाट बघणारं कोणी नाही. इथे गाडीशिवाय दुकानातही जाता येत नाही आणि पप्पांना गाडी येत नाही. एकतीस वर्षं शाळेत पीटीचे सर, कबड्डीच्या पोरांना पहाटे मैदानात पळवणारा माणूस. तो आता दिवसभर आमच्या पडद्यांच्या कड्या मोजायचा.

मी एकदा भीत भीत विचारलं, "पप्पा, तुम्ही पहाटे चारला उठताच. त्या वेळी युरोपातल्या रग्बीच्या मॅचेस लागतात. जरा बघून मला सांगाल?"

"सांगू की. त्यात काय!"

मागचा सीझन कोविडने लांबला होता, त्याच्या उरलेल्या मॅचेस तेव्हा चालू होत्या. दोन आठवड्यांत पप्पांनी खेळ असा उचलला की मीच थक्क झालो. "अरे एडवर्ड, ही कबड्डीच आहे. फक्त मध्ये श्वास घ्यायची परवानगी दिली आहे." मग डाव्या हातात टोस्ट आणि उजव्या हातात मीठदाणी घेऊन ते मला समजवायचे. स्क्रम म्हणजे आठ जण आठ जणांच्या खांद्यात डोकी अडकवून ढकलतात. लाइनआउट म्हणजे दोघं मिळून तिसऱ्याला दहीहंडीसारखा वर चढवतात. चेंडू हाताने द्यायचा तो मागेच, आणि जायचं मात्र पुढे.

सोमवारी नाश्त्याला पप्पा मला मराठीत मॅच सांगायचे आणि दहा वाजता मॉर्निंग टीला मी ती मॉरीनला इंग्लिशमध्ये सांगायचो. "त्या नऊ नंबरची पाठ फार कडक आहे, लवकर वळत नाही," असं पप्पा म्हणाले की मी मान हलवत म्हणायचो, "नंबर नाइन, मॉरीन... स्टिफ बॅक." ती टेबलावर हात आपटायची. "एक्झॅक्टली! कोणालाच दिसत नाही हे!"

एकदा मर्लिन म्हणाली, "एडी, तू स्वतःच बघ ना एक मॅच."

"मी? पहाटे चारला? पप्पा आहेत ना!"

डिसेंबरात नवा सीझन सुरू झाला. दुसऱ्याच आठवड्यात मॉरीनच्या क्लबची फ्रान्समध्ये मोठी मॅच होती. आणि त्याच आठवड्यात मला पर्मनंट करायचा कागद सहीसाठी तिच्या टेबलावर पोचला होता.

सोमवारी पप्पा नेहमीपेक्षा गप्प होते. मी म्हटलं, "काय झालं? हरलो की काय?"

"नाही, नाही. जिंकलो." त्यांनी टोस्ट उचलला, परत ठेवला. मग एकदम रंगात आले. "काय मॅच झाली म्हणून सांगू! चिखल तर इथपर्यंत. पंच आंधळा. आपला कॅप्टन पहिल्याच डावात लंगडायला लागला. शेवटी आपले दोनच गडी उरले होते, एडवर्ड. दोनच! त्या दोघांनी पलीकडच्या चौघांना लोळवलं. पब्लिक तर वेडं झालं. चोवीस-एकोणीस!"

माझ्या अंगावर काटा आला. दोनच गडी कसे उरले, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. गुगल करून बघायला हवं होतं. केलं नाही. घरचा माणूस सांगतोय म्हटल्यावर गुगल कशाला?

त्या दिवशी टी-रूममध्ये आठ जण होते. मी कप खाली ठेवला आणि सुरू केलं. चिखल सांगितला. आंधळा पंच सांगितला. कॅप्टनचं लंगडणं तर उठून करून दाखवलं.

मॉरीन एकटक माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, भारावली.

"कुठला पाय?" तिने विचारलं.

"डावा," मी विश्वासाने म्हणालो.

"आणि क्राउड?"

"पॅक्ड! लोक वेडे झाले होते!"

"फ्रान्समध्ये? लॉकडाऊनमध्ये?"

इथे तरी मी थांबायला हवं होतं. पण माणूस बोलण्याच्या भरात आला की त्याला ब्रेक लागत नाही. "आणि शेवटी, मॉरीन, आपले फक्त दोन प्लेअर उरले होते!"

"पंधरापैकी दोन?"

"येस!"

"मग बाकीचे तेरा?"

मी क्षणभर विचार केला. "आउट झाले."

मॉरीनने चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. "एडी," ती शांतपणे म्हणाली, "मॅच झालीच नाही. त्यांच्या टीममध्ये कोविड निघाला. मॅच रद्द करून आम्हाला अठ्ठावीस-शून्यने विजयी केलं. न खेळता मिळालेल्या ह्या विजयापायी मी दोन दिवस तडफडतेय आणि तू मला डावा पाय सांगतोयस."

लीगवाले आठही जण (मॉरीन सोडून सात, पण त्या क्षणी तीही त्यांच्यातली वाटली) माझ्याकडे बघत होते.

"माझ्या ऑफिसात ये," ती म्हणाली.

तिच्या ऑफिसात मी सगळं सांगून टाकलं. युनियनचे सेक्रेटरी, पहाटेचे चार, टोस्ट, मीठदाणी, सगळं. तिने शेवटी एवढंच विचारलं, "मग त्या नऊ नंबरची पाठ कोणी ओळखली?"

"माझ्या फादर-इन-लॉने."

"हं," ती म्हणाली. "जा, दोन नंबरच्या रूममध्ये पेशंट थांबलाय."

कागदाबद्दल एक अक्षर नाही. संध्याकाळी मी पाय आपटतच घरात शिरलो. पप्पा बाळाला भरवत होते.

"पप्पा, मॅच झालीच नव्हती!"

चमचा हवेतच राहिला. "झाली नव्हती?"

"रद्द झाली होती!"

पप्पांचा चेहरा आधी उजळला. "म्हणजे माझी मॅच हुकली नाही!" मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते खुर्चीत बसले. "काल मला जाग आली ती साडेसहाला. जन्मात पहिल्यांदा. टीव्ही लावला तर भलतंच काहीतरी चालू. मला वाटलं, संपली मॅच."

"मग तसं सांगायचं ना!"

"काय सांगू? पीटीचा सर झोपून राहिला?" ते बाळाचं तोंड पुसत राहिले. "आमच्या शाळेची तालुक्याची कबड्डीची फायनल सांगितली मी तुला. ती खरीच होती. दोनच गडी उरले होते." मग बाळाकडेच बघत म्हणाले, "तुझ्या घरात माझं तेवढं एकच काम आहे, एडवर्ड. तेही चुकलं म्हणून कसं सांगायचं?"

मर्लिनने माझ्याकडे असं पाहिलं की मी सिंकमधली भांडी घासायला घेतली. दहा महिने हा माणूस माझ्या घरात होता आणि मी त्याला आजवर फक्त स्कोअर विचारला होता.

शनिवारी दारात मॉरीन उभी. हातात स्वतः भाजलेला सोडा ब्रेड आणि एक पाकीट. पाकीट तिने मला दिलं आणि मला ओलांडून सरळ आत गेली. "व्हेअर इज ही?"

पाकिटात पर्मनंट नोकरीचा सही केलेला कागद होता. मी तो दारातच तीनदा वाचला. आत बघतो तर पप्पा आणि मॉरीन डायनिंग टेबलावर समोरासमोर बसलेले, मध्ये मीठदाणी, मिरीदाणी आणि बाळाचे ठोकळे. पप्पांचं इंग्लिश जेमतेम, तिला मराठी शून्य. "नो, नो, मॅडम. धिस मॅन, हिअर. व्हाय हिअर?" पप्पा मिरीदाणी सरकवत होते. "दॅट्स व्हॉट आय सेड!" ती ओरडत होती. दोन तास! मी दोनदा चहा ठेवला, कोणी वर पाहिलं नाही.

जानेवारीत कोविडने ती स्पर्धाच थांबवली, तेव्हा दोघं जुन्या मॅचेस बघायचे. एप्रिलमध्ये क्वार्टर फायनल आली. रविवारी आर्वोला, म्हणजे इथल्या भाषेत दुपारी, आमच्याकडे रेकॉर्डिंग बघायचं ठरलं. निकाल कळू नये म्हणून सगळ्यांचे फोन बंद केले होते. पप्पांनी वसईचे फुगे, आमचे ते मैद्याचे फुगलेले गोळे, तळले. मीही ठरवून सोफ्यावर बसलो. आयुष्यातली पहिली मॅच, पहिल्या मिनिटापासून.

आणि खरं सांगतो, पंधरा मिनिटांत मी पूर्ण गुंतलो. एक गडी चेंडू काखेत मारून कडेने सुटला. एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं, तिसरा त्याच्या पायाला लोंबकळला, तरी तो रेषेपलीकडे जाऊन आडवा पडला. मी उडी मारली. चहा सांडला. "येस! येस! काय पळाला!" म्हणत मी मॉरीनसमोर एल्बो-बंपसाठी कोपर धरलं.

कोपर हवेत तसंच राहिलं. तो गडी समोरच्या टीमचा होता.

मॉरीनने हळूच मान वळवून पप्पांकडे पाहिलं. पप्पांनी एक फुगा तिच्या बशीत ठेवला आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "सॉरी, मॅडम. इन एक्स-रे, ही इज व्हेरी गुड."